शिवकन्येची फ्लॉपी

सास्तूरचे निवृत्त मास्तर पंचाक्षरी सर आपल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर खुर्चीतच मेले होते. उजव्या हाताची बोटं करपली होती. हात फ्लॉपी घालून वाचायच्या लोखंडी पेटीवर तसाच होता.

"जुनाट पेटी, करंट उतरला," असं म्हणून पोलिसांनी आदल्या दुपारी ती पेटी दुरुस्त करून गेलेल्या अमरनाथला धरलं.

सरांच्या पत्नी जगदेवीबाईंना हे पटेना. त्यांनी धाराशिवहून खासगी गुप्तहेर राजनंदिनीला बोलावलं. सोबत बलभीम, निवृत्त हवालदार. पोलिसांनी धरलेला माणूस निर्दोष असू शकतो, हे बलभीमच्या गळी कधीच लवकर उतरत नसे.

"सर हे रोज चालू करायचे?" राजनंदिनीनं विचारलं.

"व्हय, सांजच्याला. लेकीचं चित्र बघायला." जगदेवीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "भूकंपात घर गेलं, शिवकन्या गेली, दीर-जाऊ गेले. मशीन तवा यांच्या परगावच्या शाळंत व्हतं, म्हणून तिनं त्यावर काढलेलं तेवढं चित्र राहिलं. मी तेरला बहिणीकडं गेले अन् इकडं हे झालं."

राजनंदिनीनं पेटीतून फ्लॉपी काढली. काळी, पातळ, वहीच्या पानासारखी वाकणारी. वरच्या बाजूला लेबल. एका कडेला कारखान्याची खाच, दुसऱ्या कडेला कात्रीनं कापलेली.

"यांनीच कापली. तवा फ्लॉपी महाग व्हती. उलटी घातली की दुसरी बाजू बी चालती म्हणायचे."

पेटीच्या मागं एका जागी रंग नुकताच खरवडलेला होता.

"घर आता कुणाला?" बलभीमनं खडा टाकला.

"पोरींच्या अभ्यासिकेला द्यायचं ठरलं व्हतं, शिवकन्येच्या नावानं. सह्या राहिल्या."

चौकीत अमरनाथ रडकुंडीला आला होता. "पेटी तपासून, सरांसमोर चालवून दिली. त्यांनी एकच तंबी दिली. चित्र लेबलच्या बाजूला आहे, म्हणून फ्लॉपी उलटीच घालायची. लेबल वर ठेवून घातली की बुरशी चढलेली दुसरी बाजू वाचली जाते. पेटीचं वाचणारं डोकं घाण होतं, मग चित्रही खरवडतं."

पुतण्या रुद्रेश विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. तान्हेपणी आई-बाप गेले, तेव्हापासून तो याच घरात वाढला होता.

"त्या सांजच्याला जळकोटला लग्नाला निघालो तवा काका खिडकीतून दिसले. ताईचं चित्र बघत व्हते. चांगले जित्ते!"

"चित्र दिसलं?"

"ह्याच डोळ्यांनी."

"आधी कधी पाहिलं होतं?"

"काका लई डाव बोलवायचे. मला त्या जुन्या खेळण्यात गोडी न्हाय."

संध्याकाळी राजनंदिनीनं सगळ्यांना त्याच खोलीत जमवलं. फौजदार अमरनाथला घेऊन आले.

"पेटीच्या मागं रंग खरवडून कुणीतरी उघडी वायर लावली होती," ती म्हणाली. "पेटीला हात लागताच सर गेले. फ्लॉपी घालायची वेळच आली नाही. पण मारेकऱ्याला दाखवायचं होतं की तो निघाला तेव्हा सर चित्र बघत होते. म्हणून वायर काढून त्यानं फ्लॉपी घातली. कुणीही घालेल तशी, लेबल वर. म्हणजे बुरशीची बाजू!"

"सरांनीच चुकून घातली असेल," बलभीम म्हणाला.

"लेकीची एवढीच आठवण उरली होती, बलभीम. ती चूक त्यांच्या हातून होणं नाही. अमरनाथला आणि बाईंना उलटी घालायचं माहीत होतं. फ्लॉपी अशी असताना पडद्यावर चित्र येतच नाही. तरी ते दिसलं म्हणणारा एकच."

बलभीमनं वळून पाहिलं. रुद्रेश दाराकडं सरकत होता. बलभीमनं त्याचा दंड धरला.

"घर माझं व्हतं!" रुद्रेश ओरडला. "मेलेल्या पोरीला घर, अन् जित्याला काय?"

बलभीमला त्या पोराची चीड आली, आणि कीवही.

"बाई, चित्र राहिलंय का तेवढं बघा," जगदेवीबाई कशाबशा म्हणाल्या.

अमरनाथनं पेटीचं डोकं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, वायरिंग पुन्हा तपासलं आणि लेबल खाली करून फ्लॉपी घातली. पेटी बराच वेळ घरघरली. मग पडद्यावर एकेक रेघ उमटू लागली. घर. दारात आई-बाप. त्यांच्या पुढ्यात पाळणा, आणि पाळण्याची दोरी धरून उभी एक मुलगी.

"पाळण्यात तू हाईस," जगदेवीबाई रुद्रेशला म्हणाल्या. "लई जीव व्हता तिचा तुज्यावर. हेच दाखवायला तुला बोलवत व्हते रे ते."

या खेपेला मात्र रुद्रेशनं पडद्याकडं पाहिलं.