तीन एकांचे चार

“मावशी, माझं वाटोळं झालं!” म्हणत पोरीने गुणपुस्तिका टेबलावर आपटली.

मावशी म्हणजे पेशाने खासगी गुप्तहेर. त्यांचे यजमान, काका, हाताखाली. मदत कमी, शंकाच जास्त.

पोरगी या देशात शिकायला आलेली. इथल्या विद्यापीठाची तऱ्हाच उलटी. एक म्हणजे अव्वल, चार म्हणजे कसाबसा पास, पाच म्हणजे नापास. प्राध्यापक आकडे शाईने स्वतः भरतात. तिला तिन्ही विषयांत एक मिळाला होता. आज तिन्ही जागी चार! संध्याकाळपर्यंत पुस्तिका दाखवली नाही तर संशोधनाची जागा हातची जाणार होती.

मावशींनी भिंग लावलं. प्रत्येक इंग्रजी एकाच्या उभ्या दांडीला दोन नाजूक रेघा जोडल्या होत्या.

“हे नवं कव्हर कुणी घातलं?”

“काय माहीत. आधी नव्हतं.”

निकालानंतर पुस्तिका तिघांनी पाहिली होती. पहिला विद्यापीठाचा कारकून. तो जांभई देत म्हणाला, “मला छळायचंच असतं, तर बाई, मी नुसतं ‘उद्या या’ म्हटलं असतं.”

दुसरी चुलतबहीण, घरांचे नकाशे काढणारी. “तिचे तीन एक बघून मी दार आपटलं. जळले मी, कबूल. पण पुस्तिकेला हात लावला नाही.”

“हीच ती,” काका कुजबुजले.

तिसरे पोरीचे बाबा. घड्याळजी, लेकीकडे महिन्यापूर्वीच पहिल्यांदा आलेले. डोळे पुसत म्हणाले, “निकाल पाहिला त्या दिवशी मला घास उतरला नाही हो.”

“आनंदानं!” काका गहिवरले.

“अहो, गप्प बसा जरा,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी सगळ्यांना पोरीच्या खोलीत बसवलं.

“वैऱ्यानं पुस्तिका फाडली असती. कव्हर घालून जपली कशाला असती? चार वाईट हे कारकुनाला ठाऊक, बहिणीलाही ठाऊक. निकालाच्या दिवशी मात्र पुस्तिकेत तीन एक होते. ते बघून घास कुणाचा अडला? ज्याला एक म्हणजे कमी वाटला त्याचा. हे नुकसान करायला केलेलं नाही. ही मदत आहे! आणि रेघा बारीक काम करणाऱ्या हाताच्या आहेत.”

बाबांनी मान खाली घातली. “पाचांपैकी एक म्हणजे... मला वाटलं, पोर बुडाली.”

“मला विचारायचं तरी, बाबा!”

“विचारलं असतं तर तुला रडू आलं असतं.”

पोरीला रडू आलंच. चुलतबहीण खिडकीबाहेर बघू लागली.

“प्राध्यापकांकडे मूळ यादी असेल,” मावशी म्हणाल्या. “पण कबुली तुम्हालाच द्यावी लागेल.”

बाबांनी ती दिली, चारचौघांत, अडखळत. प्राध्यापकांनी यादी पडताळली, कपाळाला हात लावला, मग एकेक चार खोडून एक लिहिला आणि शेजारी सही केली. लेकीने बाबांचा हात घट्ट धरला होता. तरीही प्रत्येक एकाला बाबांच्या तोंडून “अरेरे!” निघालंच.