मूकपटातली हाक

कल्याणच्या गुरांच्या बाजारामागे दामाजीचा सिनेमाचा तंबू उभा होता. दुपारी खेळ नसे. कनाती सोडल्या की आत गवताचा, विडीचा आणि तापलेल्या ताडपत्रीचा वास कोंडून राही. त्या वासात गोपीनाथ भोईर मांडीवर कोरे कागद घेऊन बसले होते. वाचनालयातली नोकरी संपल्यावर आपल्याला कुणी संवाद लिहायला बोलावील, हे त्यांना अजून खरं वाटत नव्हतं. चूक लक्षात आली की परत पाठवतील, असंच मनात येई.

पंचवीस वर्षांपूर्वी 'काळी भरती' या मूकपटाच्या, पडद्यावर संवाद दाखवणाऱ्या पाट्या त्यांनी लिहिल्या होत्या. खाडीच्या चिखलात एक बाई रुतत जाते, पाणी चढत येतं, आणि तिला तिथं कुणी आणून सोडलं ते कळता कळत नाही. त्या काळी लोक श्वास रोखून बघत. आता आनंद नावाचा तरुण दिग्दर्शक तोच सिनेमा बोलका करायला निघाला होता.

"आजच्या प्रेक्षकाला पाट्या नकोत, काका," तो म्हणाला. "माणसं बोलली पाहिजेत."

चिखलातली ती बाई म्हणजे गोपीनाथांची बायको, तुळसा. शहरातल्या नटीला चिखलात उभं राहता येईना, तेव्हा दामाजीनंच तुळसाचं नाव सुचवलं होतं. दामाजी म्हणजे गोपीनाथांचा लहानपणापासूनचा सोबती. ठाकुर्लीच्या मागे, खाडीतल्या तिवरांच्या झाडीकडेला शूटिंग चाले. गोपीनाथ रोज बांधावर, कॅमेऱ्याच्या शेजारी, पुस्तक घेऊन बसत. फक्त शेवटच्या दिवशी ते नव्हते. "आज काय शूटिंग नाय," असं दामाजीनं सांगितलं म्हणून ते वाचनालयात गेले होते. दुसऱ्या दिवशी तुळसा चिंबोऱ्या धरायला गेली आणि भरतीत अडकली. हेही दामाजीनंच सांगितलं. तुळसा सापडली नाही. गोपीनाथांनी तो सिनेमा कधी पाहिला नाही.

"शेवटचा रीळ खराब हाय," दामाजी आदल्या दिवशी म्हणाला होता. आनंदनं तरीही ते लावलं.

पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस पडू लागला. त्यामागे तुळसा होती. कमरेपर्यंत चिखल, कपाळावर चिकटलेले केस. भोवती नुसतं पाणी आणि तिवरं. तिचं तोंड हललं.

"इथं पाटीच नाही," आनंद म्हणाला. "ती काय म्हणतेय, काका?"

"वाचवा, असेल."

"वाचवा म्हणताना ओठ मिटत नाहीत. हिचे मध्येच एकदा मिटतात. ती कुणाला तरी नावानं हाक मारतेय."

गोपीनाथांनी घरी जाऊन आरशासमोर नावं म्हणून पाहिली. स्वतःचं नाव म्हणताना ओठ मध्येच मिटत होते. पण ते नाव तुळसानं कधी घेतलं नव्हतं. लग्नात शेजारणींनी उखाण्यासाठी अडवलं तेव्हासुद्धा नाही. "नवऱ्याचा नाव घेतला का त्याचा आयुष तुटतं," ती म्हणायची. "एका हाकेला एक दिस." आणि हसायची.

मग त्यांनी 'दामाजी' म्हणून पाहिलं. मध्येच ओठ मिटले.

पंचवीस वर्षं जिच्या फोटोला हार घातला, तिला शेवटी दुसऱ्याच पुरुषाचं नाव सुचलं होतं. त्यांनी हार काढला, आणि काढलेला हार हातात घेऊन बराच वेळ तसेच बसले.

दोन दिवसांनी रीळ पुन्हा लावलं. या खेपेला डाव्या बाजूला, तिवरांच्या आडून, होडीची नाळ, तिचं पुढचं टोक, दिसत होतं.

"ही होडी परवा नव्हती," गोपीनाथ म्हणाले.

आनंद हसला. "काका, सिनेमा आहे तो. रीळ बदलतं होय?"

गोपीनाथ ओशाळले. चष्मा जुना झाला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या वेळी ते एकटेच बघत होते. आनंद कनातीबाहेर चहा सांगायला गेला होता. होडी आता पुरती दिसत होती. तिच्यात एक माणूस उभा होता. त्याच्या हातात लांब बांबू होता आणि तो बांबू त्यानं छातीशी आडवा धरला होता. पुढे केला असता तर तुळसाला पुरला असता.

मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. विडीचा वास आला.

"असा कसा दिसतं?" दामाजी हळूच म्हणाला. "होडी चित्रात येत नव्हती. तवाच्या डायरेक्टर साहेबानं कॅमेऱ्यातून बघून सांगितलेला."

गोपीनाथांनी मान वळवली नाही.

"तू तर म्हणालास, ती दुसऱ्या दिवशी गेली."

दामाजीची विडी विझली होती. तो ती ओढतच राहिला.

"साहेब मना हात करून सांगत व्हता, थांब, हलू नको. चित्र बिघडेल म्हणून. मना वाटला, ती नाटक करते. मंग पानी आला रे, गोपी."

"आणि मला वाचनालयात का पाठवलंस?"

दामाजी पाठ फिरवून बाहेर गेला. कनात हलत राहिली.

गोपीनाथ पडद्याकडे बघत राहिले. तुळसाची नजर होडीकडे नव्हतीच. ती समोर बघत होती, बांधाकडे, रोज ते बसत त्या जागेकडे. ओठ आधी गोल झाले. मग मिटले.

दामाजी म्हणताना ओठ गोल होत नाहीत.

ती त्यांना हाक मारत होती. आणि बांधावर कुणी नव्हतं.

गोपीनाथांनी कागदावर फक्त 'वाचवा' लिहिलं. त्याच खाडीत, त्याच जागी, सुमेधा नावाच्या नव्या नटीनं तो प्रसंग केला. फिल्म धुऊन आली तेव्हा सगळे तंबूत जमले. दामाजी आला नाही.

पडद्यावर सुमेधा चिखलात उभी होती. तिचं तोंड उघडलं.

कर्ण्यातून आवाज आला तो तिचा नव्हता. बसका, खाडीकडचा, ओल्या गळ्यातून निघालेला.

"गोपीनाथ."

सगळ्यांनी सुमेधाकडे वळून पाहिलं.

"मी हे म्हटलंच नाही," सुमेधा म्हणाली. "मी वाचवा म्हटलं होतं. तुम्ही सगळे होतात की तिथं."

आनंदनं तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा तेच आलं, थोडं जवळून.

"कसं झालं ते जाऊ दे," तो शेवटी म्हणाला. "पण अंगावर काटा येतो. हेच ठेवू. नायकाचं नाव बदलून गोपीनाथ करू. काका, तुमची हरकत नाही ना?"

गोपीनाथांना हरकत घेणं आयुष्यात कधी जमलं नव्हतं. एका हाकेला एक दिस, तुळसा म्हणायची.

आनंद यंत्र चालवणाऱ्याला विचारत होता, पहिल्या आठवड्यात तंबूत किती खेळ लावायचे.

"रोजचे तीन," तो म्हणाला. "रविवारी चार."