अंधारी खोली आणि चार बदाम

फोन दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी आला.

"दीदी, मी रूपाली. डबीर नेत्रालयातून बोलून राहिली. तुम्ही लवकर या. सरांनी शिशिरभैयाले अंधाऱ्या खोलीत कोंडलं."

"कोण शिशिर?"

"आमचा टेक्निशियन. चष्म्याचा नंबर काढतो. सर म्हणतात, त्यानं डोळ्यांच्या शिबिराचे पैसे मोबाइलवर पोकरमध्ये उडवले. चार वाजता मराठी मंडळाची माणसं हिशेब घ्यायले येणार आहेत. त्याच्या आधी त्याच्याकडून कबुली लिहून घेऊन राहिले."

सायबर सेलच्या उपनिरीक्षक सुनीती मोहरीलनं नुकताच डबा उघडला होता. तो तसाच झाकून ती उठली. रूपालीची आई आणि सुनीतीची आई एकाच भिशीतल्या. रायपूरच्या मराठी मंडळींत एवढी ओळख असली की पोलिसाला जेवायची सवड मिळत नाही.

पैसे लावून खेळायचे असले खेळ मोबाइलवर उघडउघड चालत, त्या दिवसांतली ही गोष्ट. सुनीतीच्या टेबलावर आठवड्याला तशा दोन तक्रारी यायच्या. माणूस कोंडून ठेवल्याची मात्र ही पहिलीच.

समता कॉलोनीतलं ते नेत्रालय दोन ते चार बंद असे. रूपालीनं शटर अर्धं वर केलं. आत रिकाम्या खुर्च्या, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि केबिनच्या दारात स्वतः डॉक्टर नरहर डबीर. गोरे, उंच, साठीचे. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसणारे.

"पोलिसांले कोणी बोलावलं?"

"मी आले. खोली कुठे आहे?"

डोळ्यांचा पडदा तपासायची ती खोली. खिडकी नाही, भिंतींना काळा रंग, बाहेरून कडी. सुनीतीनं कडी काढली. आत अठ्ठावीस वर्षांचा, सडपातळ शिशिर स्टुलावर बसला होता. समोर नेत्रालयाचा कोरा कागद आणि त्यावर पेन.

"ये बाहेर," सुनीती म्हणाली.

तो उठला नाही.

"अरे, कडी काढली. ऊठ."

"मी इथंच ठीक आहे, मॅडम."

"पैसे तू घेतले?"

शिशिरनं मान खाली घातली. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. सुनीतीला त्याचा राग आला. कोंडलेला माणूस ओरडतो, रडतो, दार बडवतो. हा उघड्या दारात कोंडल्यासारखा बसला होता.

दार उघडंच ठेवून ती केबिनमध्ये आली. घड्याळात पावणेतीन झाले होते.

"सांगा, डॉक्टर."

"काय सांगू? बीरगावच्या गरीब लोकांच्या मोतीबिंदूसाठी मंडळानं तीन लाख जमवले. चाळीस ऑपरेशनं होती. पैसे नेत्रालयाच्या फोनवरच्या खात्यात ठेवले होते. आज बँकेचा मेसेज पाहिला, खात्यात काही नाही. सगळे त्या खेळात गेले. खेळातलं खातं कोणाच्या नावावर? शिशिरच्या."

"फोन कुठे असतो?"

"काउंटरच्या ड्रॉवरमध्ये."

"आणि पैसे पाठवायचा पिन?"

डॉक्टरांनी फोन उलटा करून दाखवला. मागे चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेननं लिहिलेले चार आकडे. सुनीतीनं कपाळाला हात लावला. म्हणजे नेत्रालयात पाय ठेवणारा कोणीही.

"हे पोट्टं दहा वर्षांमागे माझ्याकडे झाडू मारायले आलं," डॉक्टरांचा आवाज चढला. "बाप बीरगावचाच, उरला वसाहतीतल्या कारखान्यात मजूर. मी शिकवलं, कोर्स करवला. याच्या मायच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन मी फुकट केलं. आणि हा दुपारभर पत्ते खेळून राहिला! हातात सिक्वेन्स घेऊन हरला, एवढं फुटकं नशीब. तरी सोडवत नाही याच्यानं."

"तुम्ही खेळता?"

"मी? मले त्यातलं ओ की ठो समजत नाही. तो खेळ मी उघडूनसुद्धा पाहिला नाही. मले शिसारी आहे त्याची."

सुनीतीनं फोन मागून घेतला आणि रूपालीला बाहेरच्या बाकावर बसवलं. रूपाली चोवीस वर्षांची, काउंटर सांभाळणारी.

"शिशिर खेळायचा?"

"हव. पण नुसत्या फुकटच्या चिप्सवर, दीदी. पैसे नाही लावायचा. आम्हालेही शिकवायचा दुपारी. मले आणि काकूंले."

"काकू कोण?"

"सरांच्या मिसेस, प्रमोदिनीकाकू. रोज डबा घेऊन येतात."

"तुले येतो खेळ?"

"कुठचा? आमच्या घरी पत्ते नाहीत, आजोबांनी घेऊच दिले नाही कधी. मले राणी आणि गुलामातला फरकही इथंच कळला. हे पाहून खेळते मी." तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. शिशिरच्या अक्षरात वरून खाली, कोणता हात कोणत्या हातापेक्षा मोठा ते लिहिलेलं. "कागद नसला तर मी डावच टाकून देते."

सुनीतीनं फोनमधला खेळ उघडला. झालेला प्रत्येक डाव त्यात नोंदलेला होता. पैसे लावलेले सगळे डाव गेल्या नऊ दिवसांतले, आणि सगळे दोन ते साडेतीनमधले. खेळ साधा होता. दोन पत्ते प्रत्येकाच्या हातात लपवलेले, पाच सगळ्यांसाठी उघडे मांडलेले. त्या सातांतून ज्याचे पाच मोठे, तो जिंकला.

सगळ्यात मोठा डाव मंगळवारचा, दोन पन्नासचा. उघड्या पाचांत बदामाचे चार पत्ते: दुर्री, अठ्ठी, नव्वी, राजा. पाचवी इस्पिकची सत्ती. आपल्या खेळाडूच्या हातात इस्पिकची दश्शी आणि किलवरचा गुलाम. सात, आठ, नऊ, दहा, गुलाम, असा सरळ सिक्वेन्स झाला. त्यानं होतं नव्हतं ते सगळं लावलं. समोरच्याकडे बदामाचा एक पत्ता निघाला. पाच बदाम, म्हणजे कलर. सगळं गेलं.

"ही तर लबाडी आहे!" सुनीती म्हणाली. "सिक्वेन्स असून हरला कसा? कलर तर सिक्वेन्सच्या खाली असतो."

"नाही दीदी," रूपालीनं कागदावर बोट ठेवलं. "पोकरमध्ये कलर वर असतो. हे पाहा."

सुनीतीनं कागद ओढून घेतला आणि वरून खाली पुन्हा वाचला. मग तिनं फोन पुन्हा हातात घेतला आणि एकेक डाव मागे सरकवत गेली. तिला भूक लागली होती हेही ती विसरली.

तेवढ्यात शटरखालून वाकून प्रमोदिनीकाकू आल्या. हातात रिकाम्या डब्यासाठी पिशवी, तोंडात शिशिरचं नाव.

"काढलं का नाही त्या पोराले बाहेर? मी सकाळपासून यांच्या मागे लागून राहिली. चोर नाही तो!"

"काकू, तुम्हीही पोकर शिकून राहिल्या म्हणे."

"गंमत म्हणून! पत्ते मले नवे नाहीत बाई. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या घरी तीन पत्तीची बैठक बसतेच. जावा, दीर, नणंदा, घरातलं कोणी सुटत नाही. हे पोकर मात्र जमेना. डोक्यात तीनच पत्ते फिरतात."

"मंगळवारी तुम्ही इथं होत्या?"

"होती तर. दीड वाजता शिशिरनं माझ्या डोळ्यांत ते बाहुली मोठी करायचे थेंब टाकले. संध्याकाळपर्यंत जवळचं काही दिसलं नाही. रात्री वरणात मीठ दोनदा पडलं, यांनी जेवताना बोलून बोलून जीव घेतला."

सुनीतीनं काकूंची फाइल मागवली. शिशिरच्या अक्षरात थेंबांची वेळ होती, मंगळवार, एक पस्तीस.

सव्वातीन वाजले. ती पुन्हा अंधाऱ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"शिशिर, एकच सांग. कलर मोठा की सिक्वेन्स?"

"कलर," तो लगेच म्हणाला. मग त्यानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. तिला कळलंय, हे त्याला कळलं.

"मॅडम, जाऊ द्या ना," तो हळूच म्हणाला. "मी लिहून देतो."

"गप्प बस," सुनीती म्हणाली. आता तिला त्याचा राग नव्हता, दया येत होती, आणि दया आली की ती जास्तच रागावून बोलायची.

साडेतीनला तिनं सगळ्यांना बाहेरच्या खुर्च्यांवर बसवलं. शिशिर खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आला, पुढे नाही.

"डॉक्टर, हा चोर नाही," ती म्हणाली. "हा मंगळवारचा डाव पाहा. समोर बदामाचे चार पत्ते उघडे पडलेले. पोकर येणारा माणूस तिथं थबकतो, कोणाच्याही हातात पाचवा बदाम असू शकतो. आपला खेळाडू थबकला नाही. मी म्हटलं, असेल बावळट. पण तो बावळट नव्हता. जोड्या, तिकड्या तो नीट ओळखतो, वेळेवर पत्ते टाकून देतो. मग सोमवारचा डाव पाहिला. त्यात याच्याच हाती कलर होता, चौकटचा. समोर पाच, सहा, सात, आठ अशी रांग दिसत होती. कोणाकडे सिक्वेन्स असेल म्हणून घाबरला आणि जिंकलेला डाव टाकून दिला! नऊ दिवसांत असं पाच वेळा. सिक्वेन्स आला की छाती फुगते, कलर आला की हातपाय गळतात."

"मग?" डॉक्टर म्हणाले.

"मग हे की त्याच्या डोक्यात सिक्वेन्स वर आणि कलर खाली आहे. पोकरमध्ये उलटं असतं. पण तीन पत्तीत तसंच असतं. मी स्वतः मघाशी तीच चूक केली, कारण दिवाळीला आमच्याही घरी तीन पत्तीच बसते. जन्मभर तीन पत्ती खेळलेला माणूस पोकरमध्ये नवा आला, की पहिली हीच चूक करतो. शिशिर ती करणार नाही, तो तर शिकवतो. रूपालीनं आयुष्यात दुसरे पत्ते पाहिलेच नाहीत, तिले फक्त कागद माहीत, आणि कागदात कलर वर आहे. राहिल्या काकू."

"मी?" काकू उठल्याच.

"तुम्ही बसा. मंगळवारी दोन पन्नासला तुम्हाले हाताची बोटं दिसत नव्हती, पत्ते काय दिसणार? दुपारी नेत्रालय बंद असताना इथं चारच माणसं असतात. आणि दिवाळीच्या बैठकीतून घरातलं कोणी सुटत नाही, हे काकूंनीच सांगितलं."

तिनं केबिनच्या दाराशी बसलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं.

"तरी मी संशयावर बोलले नसते," सुनीती म्हणाली. "पण तुम्ही मले म्हणालात, हा हातात सिक्वेन्स घेऊन हरला. बँकेच्या मेसेजमध्ये पत्ते लिहिलेले नसतात, डॉक्टर. आणि खेळ तर तुम्ही उघडूनही पाहिला नव्हता."

प्रमोदिनीकाकूंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"अहो," त्या म्हणाल्या. "काहून केलं हो हे?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "पहिल्या दिवशी जिंकलो मी. दुसऱ्या दिवशीही. मग गेले, म्हणून काढायले बसलो. जेवढं काढायले जावं तेवढं आत. बाहेर यायचा रस्ताच दिसेना. मी परत ठेवणार होतो सगळे, प्रमोदिनी. तुझी शपथ."

"माझी शपथ नका घेऊ."

सुनीती शिशिरकडे वळली. "तुले ठाऊक होतं?"

"आज सकाळी कळलं. सर ओरडताना सिक्वेन्स म्हणाले ना, तेव्हा. दिवाळीनंतर सरांनी मले केबिनमध्ये बोलावून गुपचूप शिकवायले सांगितलं होतं. माझंच खातं या फोनवर उघडून दिलं. कलर वर असतो, हे तीनदा समजावलं. त्यांच्या डोक्यात बसलंच नाही." त्यानं डोळे पुसले. "मीच शिकवलं, मॅडम. मग कोणत्या तोंडानं बोलू? माझ्या मायले दिसते ते सरांमुळे."

डॉक्टर ताडकन उठले आणि सुनीतीच्या अगदी जवळ आले. बाहेर मोटारसायकली थांबल्याचा आवाज आला होता.

"मॅडम, पाहा. मंडळाची माणसं आली. माझं नाव गेलं तर हे नेत्रालय बंद पडेल, गरिबांचं नुकसान होईल. पैसे मी घर गहाण ठेवून भरतो. खातं याच्याच नावाचं आहे. यानं लिहून दिलं तर तुमचं काय बिघडलं? वकील मी देईन. सुटेल दोन-तीन महिन्यांत. पोट्टा तरणा आहे, त्याले काय फरक पडते? त्याच्या घराकडे मी पाहीन. का रे शिशिर, लिहितो ना?"

शिशिरनं त्यांच्याकडे पाहिलं. दहा वर्षांत या माणसाच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द त्यानं खाली मान घालून ऐकला होता. आता मान खाली जाईना. आपल्या दोन-तीन महिन्यांची, आपल्या नावाची, बीरगावच्या गल्लीत आपल्या आईला लोक काय म्हणतील त्याची किंमत या माणसाच्या लेखी काहीच नाही, हे त्याला दिसलं, आणि त्याचं काळीज फाटलं.

तो उंबरा ओलांडून बाहेर आला.

शटर वर सरकलं. मंडळाचे तिघे आत आले आणि सगळ्यांचे चेहरे पाहून दारातच थांबले. त्यांच्यातले अध्यक्ष म्हणाले, "काय झालं? पैसे कोणी खाल्ले, कळलं का?"

डॉक्टरांनी शिशिरचा दंड धरला. शिशिरनं तो हात सावकाश, एकेक बोट सोडवत काढला.

"मॅडम, माझा जबाब लिहून घ्या," तो म्हणाला. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. "मी चोर नाही."