दोनच्या खुणेवरचा उजेड

शिरूरच्या पेठेत मी डिमर मागितला, तेव्हा दुकानदाराने पंख्याचा रेग्युलेटर काढून पुढे ठेवला. मी म्हणालो, पंख्याचा नको, बल्बचा. उजेड कमी-जास्त करता आला पाहिजे.

तो म्हणाला, "काका, आठ-आठ तास लाइट नसती, आन् तुम्हाला हाय ती बी कमी करायची?"

यंदाच्या, म्हणजे दोन हजार पाचच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. भारनियमन जोरात होतं. त्याचं म्हणणं काही चूक नव्हतं. अखेर फळीच्या मागून त्याने धूळ खाल्लेली एक डबी शोधून काढली आणि मी ती घेऊन खुटबावची एस.टी. पकडली.

खुटबावला माझी थोरली बहीण असते, पुतळाबाई. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता आणि आदल्या दिवशी तिचे यजमान, आमचे शंकरराव दाजी, दुपारचे झोपले ते उठलेच नाहीत. त्यांना मूलबाळ नाही. माणूस ज्या जागी जातो तिथे आमच्याकडे दहा दिवस दिवा ठेवतात. तेलाचा, वात दक्षिणेकडे. घरच्या बाईने त्याच्यापाशी बसायचं. डोळ्याच्या डॉक्टरांनी तर बजावलं होतं की धूर नको आणि झगझगीत उजेडही नको. मातीला मी होतोच; पहिल्या संध्याकाळीच दिव्याच्या धुराने आक्काच्या डोळ्यातून धारा लागल्या. अंधारात बसावं, तर त्या खोलीत एकटीने अंधारात बसायला ती घाबरत होती.

तहसील कचेरीत मी बत्तीस वर्षं कारकुनी केली. अडचण आली की नियमात बसेल अशी पळवाट काढायची हातालाच सवय. म्हटलं, तेलाचा दिवा काढू आणि त्याच जागी वर टांगलेला बल्ब मंद करून ठेवू.

दाजींचे चुलतभाऊ पोपटराव ओट्यावर बसून माझं काम बघत होते. मी मेन स्विच पाडला, बोर्डाचे स्क्रू काढले, जुनं काळं बटण सोडवलं.

"भाऊसाहेब, दिव्याला तेल लागतं," ते म्हणाले.

"याला वीज लागते. शेवटी उजेडाशी कारण."

"आन् लाइट गेली म्हंजी? धा दिवस दिवा इझता कामा न्हाई."

"लाइट जाते पोपटराव, दिवा विझत नाही. बटण चालूच असतं. बंद पडणं वेगळं आणि विझणं वेगळं."

अशा भेदाला कचेरीत साहेबांनी मान डोलावली असती. पोपटरावांनी तंबाखूची पिंक टाकली. "ह्यो कागूद यमाच्या हापिसात चालतोय का बघा म्हंजी झालं."

दोन वायरी डिमरला जोडल्या, टेप गुंडाळली, बोर्ड बसवला. डिमरच्या फिरत्या खटक्याभोवती कागदाची चकती चिकटवून तिच्यावर शून्य ते पाच आकडे निळ्या शाईने लिहिले. कारकुनाचा हात, त्याला मोकळी जागा बघवत नाही. दोनच्या खुणेवर बल्बची तार निखाऱ्यासारखी तांबूस व्हायची आणि तिच्यातून बारीक गुणगुण निघायची, काचेखाली कोंडलेल्या माशीसारखी. तेवढ्या उजेडात आक्काच्या डोळ्याला बरं वाटलं. मलाही स्वतःचं कौतुक वाटलं.

दहा दिवसांत लाइट दिवसातून दोनदा, कधी तीनदा जायची. यायची तेव्हा बल्ब आपोआप पुन्हा तांबूस व्हायचा. मोजत कोण बसतंय? दहाव्याला घाटावरून परत आल्यावर पोपटरावांनी विचारलं, "दिवा शांत केला का?"

"कालच सहा तास शांत होता," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. दुःखाच्या घरात हसत नसतात, अशी मी समजूत करून घेतली.

तेरावं उरकून मी शिरूरला आलो; बल्ब दोनवर तसाच राहिला. त्यानंतर वीस-बावीस दिवसांनी पोपटरावांचा फोन आला. आक्काच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दौंडला परवावर ठरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बिंदू पिकला आहे, आता लांबवलं तर डोळा हातचा जाईल. आक्का जायला तयार नव्हती.

"भायेर येतच न्हाईत त्या," पोपटराव म्हणाले. "खिडकीला गोधडी लावलीया. लाइट गेली की रडत्यात, आली की गप व्हत्यात. तुम्हीच या."

मी पोचलो तेव्हा दिवस मावळतीला लागला होता. अंगणात कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या होत्या. शेजारी कुणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव चालले होते. पोपटराव माझ्याबरोबर आले, पण खोलीच्या उंबऱ्याशी थांबले. आत शिरताच वास आला. चितेवर पाणी मारल्यावर येतो तसा, ओल्या राखेचा. आणि ती गुणगुण.

आक्का वाकळेवर बसली होती. डोळ्यांवर हिरवा चष्मा, गालफडं बसलेली. तिच्यासमोर ताट झाकून ठेवलेलं होतं.

"हळू बोल," ती म्हणाली. "दाजी बसल्यात तुझे."

"कुठं?"

"ते काय… भितीला."

मला हसू आलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिची कीव आली. दुःखात माणसाचं असं होतं. मी बोर्डाकडे गेलो आणि खटका थेट पाचवर नेला. लख्ख उजेड पडला. समोर भिंत, तिच्यावर दिनदर्शिका, खाली धान्याची कोठी.

"दिसतंय का कुणी?"

आक्काने पदराने चष्मा झाकला. "मोठ्या उजेडात न्हाई बसत ते. अंधारात बी न्हाई. दोनवर कर. तूच आकडा घातलाय न्हवं?"

मी खटका दोनवर आणला.

आता मी तुम्हाला जसं पाहिलं तसंच सांगतो, शेरा मारत नाही. कोठी आणि भिंत यांच्यामध्ये माणूस बसला होता. कधी आला हे कळलं नाही, आधीपासूनच बसलेला असावा तसा. अंगावर पांढरं, डोकं उघडं. तोंड वर, बल्बाकडे. पापणी हलत नव्हती. बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. तो मांडी घालून बसला होता.

दाजींना ट्रॅक्टरवरून पडून अकरा वर्षं झाली होती. त्यांचा डावा गुडघा वळत नव्हता. पंगतीत, पारावर, कुठेही पाय लांब करून खुर्चीवर बसायचे.

"आक्का," मी कसाबसा म्हणालो, "दाजींना मांडी घालता येत होती का गं?"

"आता न्हाई दुखत त्यांचा पाय." ती हसली. "मेल्यावर तरी सुखानं बसल्यात. मी गेली दौंडाला, आन् एवढ्यात ते निघून गेलं तर? डोळा काय करायचाय मला."

"बोलतात का तुझ्याशी?"

"न्हाई."

"बघतात तरी?"

तिने झाकलेलं ताट भिंतीकडे जरा सरकवलं. "बल्बाकडंच बघत्यात," ती म्हणाली. "चाळीस वर्सं संसार केला. एकदा तरी मान वळवून बघावं का न्हाई माणसानं…"

उंबऱ्यावरून पोपटरावांचा आवाज आला. बारीक, घशातून काढलेला. "भाऊसाहेब, त्यो दिवा धा दिवसांत लई येळा इझला, लई येळा पेटला. दर येळी पेटला की बलावनं जातं. घरचाच ऐकतो असं न्हाई… शांत करा त्याला. पर झटक्यानं नको. तेल सरतं तसा हळूहळू उतरवा."

मी खटका धरला. दोनच्या खाली आणला तशी गुणगुण वाढली. कोठीच्या अलीकडे आणखी एक आकार दिसला. मग त्याच्या शेजारी एक. बाई होती, पदर डोक्यावरून घेतलेला. एकच्या खुणेवर आणला तेव्हा भिंतीलगत ओळ होती, आणि तिच्यापुढे दुसरी. कुणाच्या घरी भेटायला जातात आणि काय बोलावं न सुचून गप्प बसून राहतात, तशी सगळी बसली होती. म्हातारी, तरणी. सगळ्यांची तोंडं वर. त्या तोंडांवर निखाऱ्याचा उजेड होता आणि कुणाचाही श्वास ऐकू येत नव्हता.

आक्का उठली. चष्मा काढला. मी तिला थांबवायला हवं होतं. ती वाकली आणि अधू डोळ्यांनी पहिलं तोंड बघू लागली, इतक्या जवळून की तिचा पदर त्याला लागला असता. मग दुसरं. मग तिसरं. बाजारात हरवलेलं माणूस शोधावं तसं. दोन्ही ओळी तिने बघितल्या.

"ह्यात न्हाईत ते," ती म्हणाली.

ती झाकलेल्या ताटाकडे वळली.

"एक महिना मी… कुणाला जेवू घातलं रं?"

आणि तेव्हा, इतका वेळ बल्बाकडे लागलेल्या त्या माना एकामागून एक आमच्याकडे वळायला लागल्या. आक्काने माझं मनगट पकडलं. "चल. परवा डोळ्याचं हाय न्हवं? चल, हितं न्हाई राह्यची मी."

हळूहळूचं भान राहिलं नाही, मी खटका शून्यावर नेला. तो टक् करून बंद झाला. त्या अंधारात आमच्या तिघांच्या श्वासांखेरीज काही नव्हतं. पोपटराव आत आले, त्यांनी धडपडत गोधडी ओढून काढली आणि खिडकीतून संध्याकाळचा उरलासुरला उजेड खोलीत पडला. भिंत. कोठी. झाकलेलं ताट.

"झालं," पोपटराव म्हणाले. "आता जातील आपापल्या वाटनं."

दुसऱ्या दिवशी मी डिमर काढला आणि जुनं काळं बटण बसवलं. डिमर भीमेच्या पुलावरून खाली टाकला. दौंडचं ऑपरेशन उत्तम झालं. आक्का आता माझ्याकडे शिरूरला असते. मी विधुर, ती विधवा, दोघांची भांडणं अगदी नियमित चालतात. दोन्ही डोळ्यांनी ती सुईत दोरा ओवते आणि माझ्या दाढीचे राहिलेले केस दाखवते. घरात साधी बटणं आहेत आणि ट्यूबलाइट आहेत. सांगण्यासारखं आणखी काही नाही, असं मी गेल्या मंगळवारपर्यंत म्हणत होतो.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मीटरचं रीडिंग घ्यायला नवा माणूस आला. आमचं मीटर बाहेरच्या खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला आहे. आक्का खिडकीपाशी सुपात तांदूळ निवडत होती, मी पेपर वाचत होतो. दोन्ही खिडक्या उघड्या, फरशीवर ऊन आलेलं. त्याने उंबऱ्याशी चपला काढल्या, एक पाय आत टाकला आणि तिथेच थबकला. त्याची नजर भिंतीच्या कडेने डावीकडून उजवीकडे फिरली, ओळखीचं तोंड आहे का ते बघावं तशी. मग त्याने पाय मागे घेतला आणि आवाज एकदम खाली आणला.

"माफ करा काका, म्हाईत न्हवतं. मंडळी बसल्यात, मी पुढच्या मंगळवारी येतो." त्याने खोलीकडे बघून हात जोडले. "कोण वारलं?"

माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत तो चपला घालून जिना उतरला होता. आक्काने सूप खाली ठेवलं, पण मान वर केली नाही.

उद्या मंगळवार आहे. त्याला उत्तर द्यायचं राहिलं आहे.