वाकड्या नाण्याचा कौल

निषाददादाने ‘छापा’ म्हटलं की छापाच पडतो. शेवटचा लाडू त्याचा, खिडकीजवळचा पलंग त्याचा. आणि मी कुरकुर केली की वर चिडवणार, “रडीचा डाव खडी, चार्वी!” असा राग येतो म्हणून सांगू!

लाडवाचं एक वेळ ठीक होतं हो, पण आता गोष्ट पृथ्वीची होती. आमची वस्ती चंद्राच्या पलीकडच्या बाजूला. इथून पृथ्वी कधीच दिसत नाही. दादा आणि मी दोघंही इथेच जन्मलो, त्यामुळे पृथ्वी आम्ही फक्त चित्रात पाहिलेली. आमची आत्या खडकांची शास्त्रज्ञ. ती दगड आणायला अलीकडच्या, पृथ्वी दिसते त्या बाजूला निघाली होती आणि तिच्या गाडीत एकच जागा शिल्लक होती.

“करा छापाकाटा,” आत्या म्हणाली.

“त्यापेक्षा संगणकाला विचारू,” मी म्हटलं.

“नको! तू त्याला पढवून ठेवशील,” दादा म्हणाला.

वस्तीत नाणं एकच. आजोबांनी पृथ्वीवरून आणलेलं, आणि गाडीच्या चाकाखाली येऊन वाटीसारखं वाकलेलं. मला शंका आली. मी फतकल मारून बसले आणि ते शंभरदा उडवलं. छापा सत्तर वेळा, काटा फक्त तीस!

“आत्या, हे नाणंच लबाड आहे!”

“लबाड कसलं गं, बिचारं वाकलंय,” आत्या हसली. “याची छापा पडण्याची संभाव्यता (एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती, ते सांगणारा आकडा) शंभरात सत्तर आहे. सरळ नाण्याची पन्नास असते.”

“मग द्या फेकून!”

“कशाला? यानेच न्याय करू. नाणं दोनदा उडवायचं. दोन्ही वेळा सारखंच पडलं, तर ते धरायचं नाही, पुन्हा दोनदा उडवायचं. आधी छापा मग काटा, तर निषाद जाईल. आधी काटा मग छापा, तर तू.”

“हॅ! आधी छापाच जास्त वेळा पडणार. म्हणजे परत हाच जिंकणार.”

“थांब जरा. समजा, शंभर वेळा असं दोन-दोनदा उडवलं. पहिल्यांदा छापा साधारण किती वेळा?”

“सत्तर.”

“त्यातल्या दर दहा वेळांत पुढे काटा येईल तीनदा. मग सत्तरात?”

“सात त्रिक एकवीस.”

“आता पहिल्यांदा काटा?”

“तीस वेळा. त्यात दर दहांत पुढे छापा सातदा. तीन साती... अय्या, एकवीसच!”

दोघांनाही सारखीच संधी! नाणं वाकडं ते वाकडंच, पण त्याचा वाकडेपणा दोघांच्या वाट्याला सारखा आला होता.

मी नाणं उडवलं. चंद्रावर ते अगदी सावकाश खाली येतं, जीव टांगणीला लागतो. छापा, छापा. पुन्हा उडवलं. परत छापा, छापा. मग एक छापा आणि शेवटी... काटा.

मी हरले. मला रडूच फुटलं.

“इतक्यांदा हरले, म्हणजे पुढच्या वेळी तरी मीच जिंकेन ना?” मी डोळे पुसत विचारलं.

“नाही गं राणी,” आत्याने मला जवळ घेतलं. “पुढच्या वेळीही निम्मी निम्मीच संधी. नाण्याला मागचं काही आठवत नाही.”

दादा आत्याबरोबर गेला. चार दिवसांनी गाडी परतली, तशी मी धावतच दारात गेले.

“दादा, कशी दिसते रे?”

“नाही सांगणार.”

“दुष्ट!”

“अगं, ऐकून घे. सांगितलं तर तुझी गंमत जाईल. पुढच्या फेरीला तू जायचंस, आणि नाणं उडवायचं नाही.” त्याने मान खाली घातली. “त्या नाण्यावर छापाच जास्त पडतो हे मला आधीपासून माहीत होतं, चार्वी. म्हणून तर मी नेहमी आधी छापा मागायचो.”

मी बघतच राहिले. “पण नाण्याला तर मागचं काही...”

“नाण्याला नसेल आठवत,” दादा म्हणाला. “मला आठवतं ना!”