गेलेल्या बाईच्या नावावरची गाठ

"बाईंना जरा फोन द्या."

"ती गेली."

"बरं. परत कधी येतील?"

 पलीकडचा म्हातारा आवाज म्हणाला, "मागच्या वर्षी वारली ती, ताई."

तपासनीस बाईनं समोरच्या पडद्याकडे पाहिलं. स्तनाचा एक्स-रे होता. पांढुरक्या धुक्यात एक छोटा, काटेरी कडांचा ठिपका. फोटो मागच्या महिन्यातला होता.

"काका, काहीतरी घोटाळा होतोय. मागच्या महिन्यात त्यांच्या विमा कार्डावर तपासणी झालीय."

"झाली असेल," म्हातारा सहज म्हणाला. "ती येते अधूनमधून."

आणि त्यानं फोन ठेवला.

सरकारी आरोग्य विम्यात पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची ही तपासणी फुकट होत असे. कर्करोग असलाच तर लहान असतानाच सापडावा, हा हेतू. तपासनीस बाई त्या योजनेच्या पडताळणी विभागात होती. कार्यालयात सगळे तिला पाठीमागे 'घार' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

साहेबांनी ऐकून टेबलावर बोटं वाजवली. "मेलेल्या बाईचं कार्ड वापरलं. सरळ फसवणूक. केस ठोका."

"ठोकू. पण कुणावर? साहेब, मेलेल्या माणसाच्या अंगात नवी गाठ येत नाही. ती कुणातरी जिवंत बाईची आहे. पुन्हा तपासायला या, असे दोन निरोप आपण धाडले, ते मेलेल्या बाईच्या फोनवर. म्हणजे जिची गाठ आहे तिला कदाचित पत्ताच नाही."

साहेबांची बोटं थांबली.

तपासणी केंद्र तळघरात होतं. जिना उतरलं की बाहेरचा आवाज एकदम तुटायचा. मशीन चालवणारी बाई हात धूत होती.

"आठवते ती?"

"आठवते. नाव पुकारलं तर तिनं आधी मागं वळून पाहिलं. जणू मागं कुणी उभं होतं आणि हाक त्याला होती. मागं नुसती भिंत."

"कार्डावरच्या फोटोशी चेहरा ताडून नाही पाहिलात?"

मशीनवाली ओशाळली. "लांब करडा कोट, कपाळापर्यंत रुमाल, जाड चष्मा. बाहेर पाऊस मी म्हणत होता. दारापर्यंत रांग. चुकलंच माझं."

"वय किती वाटलं?"

"हात तरुण होते. चित्रातही स्तनाचं मांस दाट दिसतंय. पन्नाशीनंतर बहुतेक बायकांचं इतकं दाट राहत नाही. आणि सही करताना तिनं चष्मा काढला. म्हातारी माणसं लावतात."

"काय काय विचारलंत?"

"नेहमीचंच. जन्मतारीख तिनं पाढा म्हटल्यासारखी सांगितली. मग विचारलं, आई, बहीण, मावशी, कुणाला हा आजार झाला होता का? म्हणाली, नाही, कुणालाच नाही."

"अडखळत?"

"छे. तेवढं एकच उत्तर ताडकन आलं."

"जाताना काही बोलली?"

"निरोप कसा येईल विचारलं. मी म्हटलं, काही असलं तर फोनवर येईल. नाही आला तर निर्धास्त राहा."

दुपारी घार त्या घरी गेली. दार उघडलं आणि ती पाऊलभर मागं सरली. कार्डावरचा चेहरा समोर उभा होता. तेच रुंद कपाळ, तीच उंची, फक्त पंचवीस वर्षांनी लहान.

"मी मुलगी त्यांची," दारातली म्हणाली. "सगळेच दचकतात. मीसुद्धा, आरशात."

आत फोनवर बोललेले म्हातारे शिंपीकाका खिडकीशी बसले होते. शिलाई मशीनवर चादर घातलेली. स्वयंपाकघरात सून वरच्या फळीवरचा चहाचा डबा काढायला स्टूल ओढत होती. तिचा नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर.

घारीनं आपली ओळख दिली, पण येण्याचं नेमकं कारण सांगितलं नाही.

"काका, फोनवर म्हणालात, ती येते. म्हणजे काय?"

"बाबा, नको ना," मुलगी म्हणाली.

"विचारतायत तर सांगू दे." म्हातारा कपाटाकडे पाहत बोलला. "तिचा कोट आहे आत. मीच शिवलेला. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी कपाट उघडलं, तर खांदे ओले. बाहेर पाऊस, घरात कपाट बंद, आणि कोट ओला. खणातला तिचा चष्मा उलटा ठेवलेला. मी कुणाला बोललो नाही. लोक वेड्यात काढतात."

"कोट बघू?"

कोट हँगरवर होता. घारीनं बाह्या चाचपल्या. दोन्ही आतल्या बाजूनं चांगल्या चार बोटं दुमडून टाचलेल्या होत्या.

"हे तुम्ही केलंत?"

"नाही. तिनंच केलं असणार. शेवटी शेवटी आटली होती हो फार. एवढीशी झाली होती. मी टाके उसवले नाहीत. परत आली तर लागतील."

मुलीनं तोंड फिरवलं.

"काकू कर्करोगानंच गेल्या का? त्यांच्या माहेरी कुणाला हा आजार होता?"

"हो, स्तनाच्याच. तिची आईही त्यातच गेली."

घार मुलीकडे वळली. "तुम्ही स्वतः तपासून घेतलंत?"

"आजी गेली, आई गेली, आता माझा नंबर, असंच ना? मी त्या इमारतीचा रस्तासुद्धा टाळते. मला काही कळून घ्यायचं नाहीये."

"मागच्या महिन्यात तिथं गेला नव्हतात?"

"नाही म्हटलं ना!" ती जवळजवळ ओरडली.

"काका, आमचे दोन निरोप पोचले का?"

म्हाताऱ्यानं उशीखालून जुना फोन काढला. चार्ज केलेला, पुसून लख्ख. "यात तिचा आवाज आहे. म्हणून कुणाला हात लावू देत नाही. निरोप आले. वाचले मी. पण असेच दोन तिलाही आले होते तेव्हा. तिनं आमच्यापासून लपवले, उशीर झाला. मला वाटलं तेच फिरून आले. वाटलं, ती दाखवतेय मला, काय लपवलं होतं ते."

सून चहा घेऊन आली; स्टोच्या घरघरीत तिला बाहेरचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. कप मांडून वळली, तशी घार म्हणाली, "तुम्हीही बसा."

कुणीच कपाला हात लावला नाही.

"तुमच्या घरातलं कुणीतरी मागच्या महिन्यात काकूंच्या नावानं तपासणी करून आलं. कोट, चष्मा, कार्ड, सगळं त्यांचं. मला आधी मुलीचाच संशय आला. चेहरा आहे, घराण्यात आजार आहे, भीती आहे. पण हा कोट हिला बेतल्यासारखा बसला असता. बाह्या दुमडाव्या लागल्या, म्हणजे घालणारी बुटकी होती."

मुलीनं सावकाश मान वर केली.

"दुसरी गोष्ट. तिला विचारलं, आई, बहीण, मावशी, कुणाला हा आजार होता का? काकू असत्या तर हो म्हणाल्या असत्या. मुलगीही हो म्हणाली असती. काकूंचं सोंग पुरतं वठवायचं असतं, तरी उत्तर हो असंच होतं. ही म्हणाली, कुणालाच नाही. नाव खोटं, जन्मतारीख खोटी. एवढंच खरं सांगितलं, कारण त्यावरून डॉक्टर धोका जोखतात. तिला कुणाला फसवायचं नव्हतं, स्वतःचं खरं काय ते जाणून घ्यायचं होतं. या घरात राहणारी, कपाटातलं सगळं ठाऊक असलेली, आणि जिच्या रक्तात हा आजार नाही अशी बाई एकच आहे. जी परक्या घरातून आली."

सून जमिनीकडे बघत होती.

"वहिनी?" मुलगी पुटपुटली.

"गाठ हाताला लागली होती," सून म्हणाली. "अंघोळ करताना. तुमच्या कार्यालयात गेले होते मी, बाई. खिडकीवरच्या माणसानं वय विचारलं. छत्तीस म्हटलं. पन्नाशीच्या आत विमा नाही, म्हणाला, पुढचे या. गाठ आहे हे सांगायला तोंड उघडेपर्यंत मागची बाई पुढं आली होती."

"आणि घरात?"

"सासूबाईंचं सगळं मीच केलं. ह्यांचं रडणं बघितलं, ताईंची झोप उडालेली बघितली. पुन्हा त्याच घरात तोच शब्द कसा उच्चारू? म्हटलं, गुपचूप बघून येऊ. त्यांच्या नावाची हाक आली तेव्हा खरंच वाटलं, त्या आल्यात पाठीमागे." तिनं पदर आवळला. "पण निरोप आला नाही, तेव्हा सुटले एकदाची. काही आलं असतं तर बाबा बोललेच असते, नाही का? मग तुम्ही कशाला आलात? कार्डासाठी?"

घारीला पुढचं वाक्य बोलायला जड गेलं. म्हाताऱ्यानं ते सोपं केलं. त्यानं फोन दोन्ही हातांनी सुनेच्या पुढं धरला.

तिनं वाचलं. परत वाचलं.

"म्हणजे ती आलीच नव्हती," म्हातारा म्हणाला. "तू होतीस. आणि मी हे उशीखाली घेऊन झोपत होतो. पोरी, गेलेलीच्या नादात मी असलेलीला घालवत होतो गं."

 मुलगी उठून सुनेच्या शेजारी बसली, अगदी खेटून.

"आता ऐका," घार म्हणाली. "पन्नाशीची अट फक्त काही त्रास नसताना करायच्या तपासणीला आहे. गाठ लागली असेल किंवा आई-आजीला हा आजार असेल, तर डॉक्टरची चिठ्ठी आणायची, कुठल्याही वयात विमा लागू. तुम्हाला चोरासारखं जायची गरजच नव्हती. खिडकीवर अर्धाच नियम सांगतात. उद्या सकाळी तुमच्या स्वतःच्या नावानं चला. मी येते बरोबर."

साहेबांनी विचारलं, "मग दोषी कोण?"

"कार्ड त्यांनी वापरलं, ते अहवालात आहे. पण आपल्या खिडकीनं त्यांना परत पाठवलं, तेही आहे. एक वर पाठवायचं तर दोन्ही पाठवा."

साहेबांनी अहवाल आपल्याच टेबलावर ठेवून घेतला. आठवड्याभरात खिडकीवर नवी पाटी लागली, पूर्ण नियमाची. केस काही झाली नाही.

गाठ कर्करोगाचीच निघाली. पण लहान होती, कुठं पसरली नव्हती. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचारही. नवरा जहाजावरून येऊन रडून, चिडून, परत गेला. म्हातारे शिंपीकाका सुनेसाठी पुढून उघडणारे सुती झगे शिवत बसले. जखमेला टोचू नयेत म्हणून शिवण बाहेरून.

उपचारांत गळलेले केस पुन्हा बोटभर वाढले तेव्हा एका सकाळी सून त्या तळघरात आली. या खेपेला तपासणी तिची नव्हती. नणंद शेजारच्या खुर्चीवर ताठ बसली होती, दोन्ही हातांत पर्स घट्ट धरून.

"तू आत येशील, वहिनी?"

"आत एकालाच सोडतात. मी इथंच आहे."

"काही निघालं तर?"

"निघालं तर मला सगळं पाठ आहे. तुम्हाला नुसतं माझ्या मागं यायचंय."

आतून नाव पुकारलं गेलं. नणंद उठली, दोन पावलं गेली आणि थबकली. सुनेनं तिच्या हातातून पर्स काढून घेतली.

"जा आता. आणि लवकर या बाहेर, मला सपाटून भूक लागलीय."

दार लागलं. आत मशीन घुमायला लागलं. सून ती पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली.