उलटी बाज

बसवा की पोरांनो तो आकाशाचा कॅमेरा, मी कुठं नको म्हणतोय? रात्रभर वर टक लावून बघणारा डोळा गच्चीवर असला तर चांगलंच आहे. उल्का सापडतील, शाळेत नाव होईल. फक्त तो कशावर बसवणार, तेवढं आधी सांगा. ...टाकीच्या खांबावर? मग हरकत नाही. आता तो लाइट बंद करा आणि जरा जवळ सरकून बसा. ही माझ्या ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे. खोटं वाटलं तर विट्याच्या पुढं, भिवघाटाच्या अंगाला जाऊन अर्जुना वायरमनची वस्ती विचारा. कुणीही दाखवील.

मागच्या साली जानेवारीतल्या एका सोमवारी अर्जुना मोटारसायकल काढून कराडला गेला. काम एवढंसं. काचेसारखा लखलखीत, अर्ध्या नारळाएवढा प्लास्टिकचा घुमट आणायचा. बाप जन्मभर मेंढरांमागं हिंडला, ह्यानं आयटीआय करून हातात पक्कड धरली. आणि त्याची पोरगी क्रांती, अकरा वर्षांची, तिनं कॅमेऱ्याचा ध्यास घेतलेला. तयार कॅमेरा घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून बापलेक स्वतःच जुळवाजुळव करत होते. आधी दुकानाबाहेर लावतात तसला जुना कॅमेरा आकाशाकडं करून बघितला, त्यात चंद्र सोडून काही दिसेना. मग तळहाताएवढा कॉम्प्युटर आणला, सगळं आभाळ एका गोलात घेणारं फुगीर भिंग आणलं. वर मिठाईच्या डब्याचं झाकण लावलं, तर प्रत्येक चांदणीला शेपूट फुटलं. म्हणून हा घुमट. त्यावर दव धरू नये म्हणून अर्जुनानं आतून तारेचं कडं करून ऊब द्यायची सोय केली. त्यात तो उस्ताद होता.

पोरीच्या डोक्यात हे आभाळ घातलं होतं तिच्या आजीनं. हरणाबाई तिचं नाव. सप्तर्षींना ती बाज म्हणायची, म्हणजे खाट. चार तारे म्हणजे एका म्हातारीच्या बाजेचे चार खूर, आणि मागचे तीन म्हणजे ती बाज पळवायला निघालेले तीन चोर.

"मग त्यास्नी बाज घावत का न्हाई गं आज्जी?" पोरगी रोज विचारायची.

"म्हातारी जागी असती न्हवं! चोर जवळ आलं की ती खोकती." आणि हरणाबाई खॉक करून खोकून दाखवायची. पोरगी हसून लोळायची.

ही हरणाबाई दिवाळीच्या आधी गेली. सुंभाच्या बाजेवर, डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती तशीच निजायची. त्यांच्यात रीत अशी, की माणूस गेलं की त्याची बाज उलटी घालायची, खूर वर करून. तेराव्याला ती सुलटी करायची आणि घरातल्या कुणीतरी तिच्यावर अंग टाकायचं. म्हणजे बाजेचं सुतक फिटतं. बाज गच्चीवर उलटी घातली गेली. तेराव्याला पावण्यांच्या गडबडीत सुलटी करायची राहिली.

आणि जानेवारीत अर्जुनाला तिचे ते चार खूर दिसले. कॅमेऱ्याला कावळ्यामांजरांपासून आडोसा हवाच होता. त्यानं शहाबादी फरशीच्या तुकड्यावर पाइपचा फूटभर तुकडा पक्का केला, त्यात कॅमेरा बसवला आणि ती फरशी उलट्या बाजेच्या मधोमध सुंभावर ठेवली. जमलं एकदम झकास.

शेजारच्या धोंडुबाईनं ते बघितलं. म्हातारी शिडीखालूनच ओरडली, "अर्जुना, ती बाज सुलटी कर रं. उलटी बाज माणूस मागती."

"आवं मावशी, कॅमेऱ्याला लय भारी बैठक घावलीया. ऱ्हाऊ द्या की."

असं हसण्यावारी नेलं त्यानं. शिकलेला माणूस. त्याच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं, उगीच शहाणपण कशाला सांगू?

कॅमेरा सुरू झाला. दर मिनिटाला एक फोटो, घरच्या वायफायवरून थेट मोबाइलवर. गोल आभाळ, चार बाजूंनी आत आलेले चार काळे खूर, आणि अगदी कडेला कडुनिंबाचा शेंडा, टाकी आणि शेजारच्या केरबाच्या घराचा पत्रा. पोरीनं महिन्याभरात नऊ उल्का मोजून वहीत लिहिल्या.

फेब्रुवारीच्या चोवीस तारखेला पोरीला ताप भरला. सव्वीसला तो मेंदूत गेला. गुरुवारी, सत्तावीस तारखेला, ती कराडच्या एका दवाखान्यात आयसीयूत होती. त्या रात्री अमावास्या होती. डॉक्टर अर्जुनाला बाजूला घेऊन म्हणाले, "आजची रात्र अवघड आहे. आमचे प्रयत्न चालू आहेत." एवढं ऐकून भिंतीला धरून तो खाली बसला.

आत एकालाच सोडत होते. आत त्याची बायको माया होती. रात्री एक वाजता ती दारात आली. "आवं, पोरगी ग्लानीत इचारतीया, बाज वर आली का म्हणून."

पोरीनं विचारलंय ना? मग बघून सांगायचं. दुसरं काय होतं बापाच्या हातात? अर्जुनानं मोबाइल उघडला.

एक वाजून पाच मिनिटांचा फोटो. आभाळ कोरडं ठणठणीत. उत्तरेला बाज छान वर आलेली. कडेला कडुनिंब, टाकी, पत्रा.

आणि तीन ढेकळं.

कडेलाच, काळी, एकाशेजारी एक. दव असेल म्हणावं, तर घुमट आतून गरम. त्यानं पुढचा फोटो बघितला. एक वाजून सहा. ढेकळं आत सरकलेली. एक वाजून सात. आणखी आत. एक वाजून नऊच्या फोटोत त्यांना खांदे होते.

एक वाजून अकरा.

एका खुरावर... वरून... बोटं आलेली.

त्याच वेळी आत कसलंतरी यंत्र टीं टीं करायला लागलं. नर्स धावली. माया बाहेर ढकलल्यासारखी आली, तोंडात पदर कोंबून. अर्जुनाच्या कानात मात्र धोंडुबाई ओरडत होती. उलटी बाज माणूस मागती.

धोंडुबाईकडं फोन नव्हता, म्हणून त्यानं केरबाला लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग तो उठला.

"कुटं निगालासा?"

"घरी. बाज सुलटी करायला पायजे."

मायानं त्याचा शर्ट धरला. "पोरगी मराय टेकलीया आन तुमी बाजंसाटी चाललासा? येड लागलंय का तुमास्नी?"

त्यानं मोबाइल तिच्यापुढं धरला. तिनं बघितलं. मग शर्ट सोडला.

"पळा," एवढंच म्हणाली.

कराड ते वस्ती सत्तर किलोमीटर. दीड वाजायच्या आत त्यानं गाडीला किक मारली. रस्ता मोकळा, थंडी अशी की बोटं वळेनात. कडेगाव मागं पडलं. तो मोठ्यानं बोलत होता, वाऱ्यावर, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. "आये, चूक माजी हाय. पोरीची न्हाई. मला ने. आये, ऐकतीस न्हवं? मला ने." आणि डोळ्यांतलं पाणी कानाकडं वाहत होतं. जिला जन्म दिला तिला सोडून आपण उलटं पळतोय, आणि ती मागं गेली तर? हा विचार आला की तो गाडी आणखी पिळायचा.

विट्यात चौकातल्या दिव्याखाली थांबून त्यानं मोबाइल काढला. दोन वाजून चोवीस. फोटोत खूर दिसत नव्हते. बाज दिसत नव्हती. तिघं चहूबाजूंनी वाकलेले, आणि मधे मूठभर चांदण्या उरलेल्या.

त्यानंतर रेंज गेली.

तीनला पाच कमी असताना तो वस्तीवर पोचला. केरबाच्या दाराला कुलूप, तो लग्नाला इस्लामपूरला गेलेला. कुत्रं अंगणातल्या खाटल्याखाली शेपूट घालून बसलेलं. भुंकलं नाही. अर्जुनानं एका हातात बॅटरी धरली. शिडीला हात घातला.

एक पायरी. दोन. तीन...

वर कुणीतरी खोकलं.

तो थांबला.

पुन्हा. खॉक. म्हाताऱ्या माणसाचा, छातीतला, रोजचा खोकला.

"...आये?"

काही नाही. वारासुद्धा नाही.

चार. पाच. डोकं गच्चीच्या वर आलं. बॅटरी फिरवली. गच्ची रिकामी होती. तिघं नव्हते. कुणीच नव्हतं.

बाज सुलटी होती.

चारही खूर जमिनीला टेकलेले. तिच्याखाली बरोबर मधोमध, फरशीसकट कॅमेरा. लाल दिवा चालू. वायर जशीच्या तशी, गाठसुद्धा हललेली नाही. पोरांनो, तुम्ही करून बघा. बाज सुलटी करायची तर आधी ती फरशी उचलायला लागते, वायर काढायला लागते. एकट्याला दहा मिनिटं तरी हवीत.

तो जवळ गेला. भीत भीत सुंभावर हात ठेवला. माघातल्या पहाटेच्या दवात बाकी सगळं गार पडलेलं. सुंभ कोमट होता.

तेवढ्यात फोन वाजला. रेंज कुठून आली कोण जाणे. मायाचं नाव. त्याला तो उचलवेना. सगळं बळ एकवटून त्यानं कानाला लावला.

"कवाधरनं लावतीया, लागतच न्हवता! आवं, पोरगी शुद्धीवर आली. ताप उतारला. घाम आला तिला दरदरून. डॉक्टरबी बगतच ऱ्हायलं."

"कवा?"

"पावणेतीनला असंल. डोळं उगाडलं आन पाणी मागितलं. मी म्हणलं, घे बाळा. तर ती म्हणती, मला न्हवं..." मायाचा आवाज खाली आला. "म्हणती, आज्जी खोकतीया, तिला पाणी द्या."

अर्जुना बाजेच्या खुराला धरून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग खाली जाऊन तांब्याभर पाणी आणलं, बाजेच्या उशाला ठेवलं.

पोरगी आता सातवीत आहे. कॅमेरा अर्जुनानं दुसरीकडं, लोखंडी खांबावर हलवला. बाज घरात आहे, सुलटी.

त्या रात्रीचे फोटो मात्र त्यानं पुसले नाहीत. मी बघितलेत, दोनदा. दोन चाळीसचा फोटो काळाकुट्ट, एक चांदणी नाही. पुढचा दोन एक्केचाळीसचा. मधे एकच मिनिट गेलेलं. त्यात कॅमेरा बाजेखाली आहे आणि खालून वर बघतोय. सुंभाची वीण दिसते, विणीच्या भोकाभोकांतून चांदण्या दिसतात. आणि वीण मधे खाली आलेली आहे, वर कुणी निजलं की येते तशी.

डावी कूस. गुडघे पोटाशी.